पडद्यामागचा नळ

"ते झालं रे. पुढचं बोल."

काकीचं हे वाक्य आमच्या चाळीत प्रत्येकाने कधी ना कधी ऐकून घेतलेलं आहे. तुम्ही पेढे घेऊन जा, पोराचा निकाल सांगा, नव्या गाडीची किल्ली दाखवा. ती पेढा तोंडात टाकायची, माशी हाकलल्यासारखा हात हलवायची आणि म्हणायची, "बरं झालं. ते झालं. पुढचं बोल." टेलिफोन खात्यातून ती निवृत्त झाली तेव्हा साहेब तिची तोंडभरून स्तुती करत होते, आणि ही म्हणे मधेच उठून म्हणाली, "साहेब, वडे गार होतायत." मी तिथे नव्हतो, पण ती असं म्हणाली असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

ती माझी सख्खी काकी नव्हे. लालबागच्या आमच्या चाळीत ती सगळ्यांचीच काकी. मूळची मालवणकडची. शांत असली की शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलायची आणि तापली की थेट मालवणीत शिरायची. त्यामुळे तिचा पारा किती चढलाय ते जिन्यातूनच कळायचं.

आमचं मंडळ लहान. मोठ्या गणपतींच्या रांगा बाजूच्या रस्त्याला. आमच्याकडे त्या रांगेतून दमून आलेली माणसं टेकायला आणि पाणी प्यायला येतात. एका वर्षी कुणीतरी म्हणालं, दहा दिवस इथे पाणी पाजतो, तर गावातल्या शाळांना का नको? अध्यक्षांना कल्पना आवडली. एक देणगीदार मिळाले आणि जव्हारच्या पुढे डोंगरातल्या एका शाळेपासून सुरुवात करायचं ठरलं. एक मोठी टाकी, तिला विजेशिवाय चालणारा फिल्टर आणि खाली मुलांच्या उंचीला नळ.

काकीने स्वतःकडे काम घेतलं ते शाळा ठरवण्याआधी आणि टाकी बसल्यानंतरही जाऊन बघून यायचं. तिची एक पद्धत होती. शाळेत गेली की गुरुजींच्या खोलीतल्या खुर्चीवर ती बसायची नाही. सरळ मागच्या बाजूला, जिथे मुलांची खिचडी शिजते तिथे पाट ओढून बसायची आणि तांदूळ निवडायला घ्यायची. मी एकदा विचारलं, "काकी, पाहुणी आहेस तू, तिथे धुरात काय करतेस?"

"गुरुजी खोटं नाही रे बोलत. पण मुलं पाणी कुठे पितात ते गुरुजींना दिसत नाही. चुलीवरच्या बाईला दिसतं."

आता आमचा पराक्रम सांगतो. लालबागच्या माणसाला काहीही नवीन दिलं की तो आधी त्यावर पडदा टाकतो. मूर्ती आली की पडदा, पाहुणे येईपर्यंत कुणी बघायचं नाही, मग ढोल, मग पडदा बाजूला. आमच्या पोरांनी टाकी बसवली आणि सवयीने मंडळाचा जुना मखमली पडदा तिच्यावर सोडला. जरीच्या किनारीसकट. देणगीदार आले की उद्घाटन. गुरुजींना बजावून आले, "पाहुणे येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही हां."

पाहुण्यांची तारीख पुढे गेली. पुन्हा गेली. मुंबईत आम्ही विसरलो. काकी नाही विसरली. एके दिवशी मला म्हणाली, "चल, बघून येऊया." मी म्हटलं, "अगं, अजून सुरूच कुठे झालंय? बघायचं काय?" ती म्हणाली, "सुरू का नाही, ते."

शाळेत शिरलो आणि मला आधी हसू फुटलं. खोटं कशाला बोलू? पडद्याला हळदीकुंकवाची बोटं लागली होती. वर झेंडूची माळ. खाली उदबत्तीचं घर. मुलं येत होती, चपला काढत होती, पडद्यासमोर हात जोडत होती आणि पाणी प्यायला खाली ओढ्यावर जात होती. ओढ्यात खणलेल्या खड्ड्यातलं गढूळ पाणी! मी फोटो काढायला फोन वर केला, तेवढ्यात काकी चुलीकडून आली. तिचा चेहरा बघून मी फोन खिशात टाकला.

खिचडीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं. निम्मा वर्ग जुलाबाने घरी होता. पहिलीतली एक मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावून आदल्या दिवशीच परत आली होती. तिची आई रानात कामाला, म्हणून मुलगी बाईंच्या पदराला धरून चुलीपाशीच बसली होती. हाताला अजून चिकटपट्टी होती.

"पाण्याचो गणपती केल्यात रे मेल्यांनू!" काकी माझ्यावर ओरडली. मंडळाच्या वतीने मी एकटाच समोर होतो.

गुरुजी बिचारे धावत आले. "बाई, तुमच्याच माणसांनी सांगितलं होतं. मी शब्द पाळला."

"तुमची चूक नाही, गुरुजी. आमची आहे. शंभर टक्के आमची." असं म्हणून तिने माळ काढून गुरुजींच्या हातात दिली आणि पडदा ओढून खाली पाडला.

मुलं दोन पावलं मागे सरकली. एक मुलगा तर पळालाच. काकीने नळ सोडला, स्वतः ओंजळीने प्यायली, मला प्यायला लावलं, गुरुजी प्यायले. मुलं नुसती बघत उभी. शेवटी तिने पेला भरून त्या आजारी मुलीपुढे धरला. मुलीने मान हलवली.

"देवाचं हाय," ती म्हणाली.

"देवाचं नाय गो बाय. तुझं."

खिचडीच्या बाईंनी आधी एक घोट घेतला, तेव्हा कुठे मुलीने दोन घोट घेतले आणि पेला कपाळाला लावून परत केला. काकी दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली. आपणहून नळाशी जाणारं एक तरी पोर तिला बघायचं होतं. एकही गेलं नाही. परतीच्या जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "भीती घालायला आपल्याला एक दिवस पुरला."

इकडे मंडळात भडका. अध्यक्ष म्हणाले, "काकी, देणगीदार पुढच्या दोन शाळा करणार होते. उद्घाटनाआधी पडदा काढलास, आता त्यांना तोंड कसं दाखवू?" काकी म्हणाली, "तू नको दाखवूस. मी जाते." आणि मला घेऊन ठाकूरद्वारला गेली.

देणगीदारांच्या घरी गेल्यावर कळलं, तारीख का लांबत होती. त्यांची आई आजारी होती. गावी असताना तिने जन्मभर लांबून पाणी वाहिलेलं. पडदा तिच्याच हातून काढायचा, एवढी एकच त्यांची इच्छा. म्हातारी समोरच पलंगावर बसली होती, हातात हात घेतला तर मोडेल अशी. काकीचा सगळा आवेश गळाला. तिने माफी मागितली, अगदी मनापासून. पण देणगीदार जेव्हा म्हणाले, "पडदा परत लावा, आई बरी झाली की येतो," तेव्हा तिने मानेनेच नको म्हटलं.

"साहेब, पोरं आत्ता कुठे नळापाशी यायला लागली असतील. पडदा बघितला की परत हात जोडतील. मग मी काय करू?"

शेवटी ठरलं ते असं: पाणी चालू राहील, पडदा फक्त त्या दिवशी सकाळी लावायचा आणि आईंनी लगेच काढायचा. काकी हो म्हणाली, पण तिचं समाधान नव्हतं. खाली उतरल्यावर मला म्हणाली, "दोन शाळांसाठी एका शाळेची पोरं पणाला लावली मी. बरोबर केलं का रे?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि तिला परळला हॉस्पिटलात ठेवलं. तिथून ती घरी आली नाही, कार्यक्रमाच्या रात्रीच गेली, हे आत्ताच सांगून टाकतो. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती, तरी बोटाने मला जवळ बोलावलं. "उद्या पडदा लावल्यावर पोरं काय करतात तेवढं बघ. आणि मला सांग. गोड करून सांगू नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही पडदा लावला. माळ नाही, उदबत्ती नाही, पण पडदा तोच. मुलं रांगेत बसली. म्हातारी खुर्चीवर. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं, आणि आमचे अध्यक्ष एकदा सुरू झाले की झाले. ऊन चढलं. माझं लक्ष फक्त मुलांच्या हातांवर.

मधेच पहिलीच्या रांगेतून ती सलाईनवाली मुलगी उठली. सरळ टाकीपाशी गेली, पडद्याची जरीची किनार एका हाताने वर केली, डोकं आत घातलं आणि नळ सोडून प्यायली. बराच वेळ प्यायली. मग बाहीला तोंड पुसून जागेवर जाऊन बसली. तिच्या मागून दुसरी उठली. मग तिसरा. पडद्याखालून नुसते पाय दिसत होते. अध्यक्ष गप्प झाले. देणगीदार गोंधळून आईकडे बघायला लागले, आणि म्हातारी खुदखुदून हसत म्हणाली, "पिऊ दे रे त्यांना. मी काढते मागाहून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली? मी तिथूनच काकीला फोन लावला. रेंज नव्हती. घाट उतरेपर्यंत लावत राहिलो. संध्याकाळी खाली आल्यावर एकदाचा लागला. तिच्या सुनेने उचलला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. दिवसभर तुमच्या फोनची वाट बघत होत्या. उठवू का?"

"नको, झोपू दे," मी म्हटलं. "सकाळी येऊन सांगतो."