खडू कोरडाच होता

माझी माय गावच्या आडापासून लांब, घागर पुढं ठेवून बसायची. आडाला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. कुणा सुनेला दया आली तर ती वरून घागरीत पाणी ओतायची. नाही आली तर दुपार व्हायची. मला तहान लागली की ओंजळ करायची, मान खाली घालायची आणि वरून पडेल तेवढं प्यायचं. आमचं दीक्षा घेतलेलं घर. देव्हारा माझ्या जन्माआधीच घराबाहेर गेला होता. देव गेले, आडावरची माणसं मात्र तीच राहिली. जिवंत माणसंच एवढी बघितली, की मेलेल्यांना भ्यायला सवड कुणाला होती?

या सदरातले अनुभव मी वाचतो. पांढरी साडी, उलटे पाय, पैंजण... आणि प्रत्येकाची सुरुवात ‘माझा विश्वास नव्हता’ अशीच. अहो, विश्वास नव्हता तर पैंजण ऐकत थांबलात कशाला? माझा तेव्हाही नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं लिहितो. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं, मीही तुम्हाला हसतच आलोय.

नांदेडला बी.एस्सी. झालो. वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता — पाट्यांवरचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. विहिरींची पाणीपातळी मोजायच्या कामावर मला हंगामी घेतलं. उन्हाळाभर एका जुन्या व्हॅनमध्येच मुक्काम. आत दोन बाकं, त्यांवरच झोपायचं, कोपऱ्यात स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. अहमदपूर, उदगीर, निलंगा... लोक तिला ‘घरगाडी’ म्हणायचे आणि सर्कस कुठं लागणार म्हणून विचारायचे.

गाडीत तिघं. मी, ड्रायव्हर खाजाभाई आणि आमचे साहेब. साहेब भूगर्भशास्त्र शिकलेले, पण आधी विचारणार कुणाला? तर हातावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्या बुवाला! त्या दिवशी साहेबांनी पिंपातल्या पाण्यानं आंघोळ उरकली आणि मीटिंग आहे म्हणून एसटीनं निलंग्याला गेले. मीटिंग म्हणजे पंख्याखाली चहा.

आम्ही दोघं माळावरच्या एका जुन्या आडाकडे निघालो. गावातला एक म्हातारा म्हणाला, “सायेब, भर दुपारी तिथं थांबू नगा. बाई हाय तिथं.”

खाजाभाई हसले. “पानी नैं तो बाई कायकू रैंगी जी? वो भी गई होंगी टँकर के पिच्छे!”

मोजायची आमची रीत साधी. लोखंडी टेपच्या टोकाला खडू घासायचा, वजन बांधून टेप आत सोडायचा. खडू जिथवर धुऊन निघेल तिथवर पाणी. मी टेप तळाला टेकवून वर घेतला. खडू कोरडा. वर कोळ्याचं जाळं चिकटून आलेलं. मी वाकून बघितलं — तळाची माती तडकलेली.

गाडी वळवून रस्त्याला लागतो न लागतो तोच रेडिएटर उकळला. खाजाभाईंनी पिंपात उरलेलं तांब्याभर पाणी स्वतः न पिता त्यात ओतलं. नळी फुटलेली, सगळं मातीत गेलं. उघड्या बॉनेटपुढं खटपट करता करता ते तिथंच कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. “अम्मा... अम्मा...” एवढंच बरळत होते. मी त्यांना ओढत गाडीच्या सावलीत घेतलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाव माळापलीकडं. तिथवर जाऊन येईपर्यंत माणूस हाती लागला नसता.

आणि आडापाशी एक म्हातारी बसलेली दिसली. शेजारी घागर आणि दोर.

गाडीतली बादली घेऊन मी पळालो. विटकं लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा. पाय सुलटेच होते, बघून घेतलं.

“कोणाचा रं तू?” ती म्हणाली.

गावाकडं हा प्रश्न बापाचं नाव कळावं म्हणून विचारत नाहीत. माझं डोकं फिरलं. “सर्वेचा माणूस हाय. पाणी द्या, आमचा ड्रायव्हर पडलाय.”

“ओंजळ कर.”

“न्हाई करणार. बादलीत द्या.”

“माणूस मरायलाय म्हंतूस, अन् वर हा तोरा?”

“हाव, तोराच! माझ्या मायचा जन्म गेला लोकांच्या हाताकडं बघण्यात. मी ओंजळ करत नसतो.”

तुम्ही म्हणाल, ही काय वेळ होती? हीच वेळ होती. आजही तेच म्हणेन.

ती हसली. “मीबी लई बसले बाबा हितंच. कुणी वाढायलाच आलं न्हाई.” दोर माझ्याकडं सरकवला. “मग शेंद की तूच. कोण आडिवलंय?”

मी दोर बादलीला बांधून आत सोडला. खाली बुडुक् आवाज झाला. हाताला वजन लागलं. बादली काठोकाठ भरून आली, गारेगार. दोर सोडून मी धावलो. खाजाभाईंच्या डोक्यावर, छातीवर ओलं फडकं ठेवलं, थोडं थोडं पाजलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. “बी.एस्सी. बाबू,” म्हणाले, “बरफ का पानी कां सें लाये?”

ते सावरल्यावर मी परत गेलो. ना बाई, ना घागर, ना दोर. पुन्हा खडू घासून टेप सोडला. कोरडा. तळाची माती तशीच तडकलेली.

साहेब म्हणाले, “ऊन लागलं तुला.” लागलं असेल. मग खाजाभाई प्यायले ते काय? बादलीच्या बुडाला हिरवं शेवाळ चिकटलं होतं, ते कुठलं? साहेब म्हणाले, नारळवाल्या बुवाला विचारू. मी त्या म्हाताऱ्याला बाईबद्दल काही विचारलं नाही. गावाचं नावही इथं सांगत नाही. सांगितलं की तुम्ही तिथं दगडाला शेंदूर फासाल आणि शेजारी दानपेटी ठेवाल. जिवंतपणी जिला कुणी घोटभर पाणी वाढलं नाही, तिला नारळ वाहाल.

खुलासा माझ्याकडं नाही. भूत मी मानत नाही. पण तिचा तो प्रश्न — कोण आडिवलंय — डोक्यातून जाईना. सुट्टी काढून घरी गेलो, नवा दोर आणला. मायला म्हणालो, “चल.” ती म्हणाली, “अरं, मारतील.” मी म्हणालो, “बघू.” भर दिवसा, सगळं गाव बघत असताना आम्ही आडावर गेलो. माणसं उठून उभी राहिली. एकानं शिवी हासडली. पुढं मात्र कुणी आलं नाही.

खाजाभाई पेन्शनीत निघेपर्यंत गाडी चालवत राहिले. आणि त्या उन्हाळ्यात माझ्या मायनं गावच्या आडाचं पाणी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं शेंदलं.