एका पिशवीत एकच वटवाघूळ

त्या दोन पिशव्या मी धुतल्या, की नुसत्याच घडी घालून ठेवल्या? काही केल्या आठवत नाही. आठ दिवस डोक्यात हेच चाललंय.

पिशव्या आमच्या धाकटीच्या. ती संशोधनासाठी वटवाघळांच्या अंगावरचे माइट मोजते, म्हणजे गोचिडीच्या नात्यातले, खसखशीपेक्षाही बारीक किडे. संध्याकाळी जाळी लावायची, सापडलेलं वटवाघूळ कापडी पिशवीत ठेवायचं, पंख उलगडून माइट टिपायचे आणि त्याला सोडून द्यायचं. मग पिशवी पांढऱ्या कागदावर झटकायची. पडेल तो माइटही त्याच वटवाघळाचा धरायचा. म्हणून पिशवी उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय पुन्हा वापरायची नाही.

पिशव्या मीच शिवल्या, उशांच्या जुन्या अभ्र्यांच्या. ती घरी आली तेव्हा, "तू झोप, मी धुते," असंही मीच म्हणाले.

जेवताना ह्यांनी तिला चिडवलंच. "वटवाघूळबाई, सरळ बसणार की उलटं लटकून?"

"हसा, बाबा! पण एका जातीचा माइट दुसऱ्या जातीवर सहसा टिकत नाही. आईच्या अंगावरून पिल्लाच्या अंगावर, असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. वटवाघळं बदलत गेली, तसे तेही त्यांच्याबरोबर बदलत गेले."

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आई, लांब कानवाल्यांकडे आखूड कानवाल्यांचा माइट मिळालाय! एक नाही, दोघांकडे! घर बदललं गं त्यानं! मॅडम म्हणतात, लगेच लेख लिही."

"पंखावर मिळाला?"

"नाही, त्यांच्या पिशव्यांत. आधीच्या खेपेला त्या पिशव्यांत आखूड कानवालेच होते, पण तू धुतल्यास ना सगळ्या?"

"हो," मी म्हणून गेले.

फोन ठेवला आणि कपडे वाळत घालायचे चिमटे आठवले. घरात चिमटे वीस, एका पिशवीला दोन लागतात आणि पिशव्या होत्या बारा. चिमटे संपले होते, एवढं नक्की. मग उरलेल्या दोन ओल्याच खुर्चीवर टाकल्या, की स्वच्छ दिसतात म्हणून तशाच तिच्या बॅगेत? खुर्ची ओली झाल्याचं आठवतं. पण ते त्याच दिवशी का?

हे म्हणतात, "एवढ्याशा किड्यापायी पोरीच्या आनंदावर विरजण घालू नकोस. धुतल्या असतील तर?"

असतीलही. पण लेख उद्या दुपारी जाणार, आणि त्यावर नाव तिचं असणार.

ती सहाला उठते. तेव्हा फोन करून सांगणार आहे, "बाळा, मी हो म्हणाले, पण मला आठवत नाही."