तीन काळ्या पाट्या आणि अकोल्याचं ऊन

आधी चहा संपवा, मग सांगतो. मधेच हसू आलं तर नाकातोंडात जाईल. आणि येणारच, कारण फजिती माझी आहे. बत्तीस वर्षं अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाची!

भारनियमनाची ती वर्षं आठवतात ना? कापसाला भाव नाही, पावसाचा पत्ता नाही, वीज तर दिवसातून दहा-दहा तास गायब. वऱ्हाडात तेव्हा एकच पीक भरघोस यायचं. ऊन!

त्याच दिवसांत आमचे शेजारी सलीमभाई यांनी घर बांधलं. चाकांवरचं! सलीमभाई म्हणजे ट्रकची बॉडी बांधणारा कारागीर, पत्रा त्यांच्या हातात कणकेसारखा वळतो. जीपमागे ओढायची एक गाडी त्यांनी केली. आत पलंग, पंखा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा! मी तर बघतच राहिलो.

हा सगळा खटाटोप राबियाभाभींसाठी होता. भाभींना दमा. दिवसातून तीनदा औषधाची वाफ देणारं मशीन लावावं लागायचं, आणि मशीनला वीज हवी. त्यांचं माहेर हिवरखेड. तिथं वीज आली की लोकांना आधी खोटंच वाटायचं. त्यामुळे चार वर्षं भाभी माहेरी गेल्या नव्हत्या. ऐंशीच्या घरातली त्यांची अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप धाडायची, "एकदा तोंड दाखवून जाय वं माय."

"गाडीत बॅटरी ठेवतो, छतावर सोलर लावतो," सलीमभाई म्हणाले. "पण मास्तर, त्यातलं मले काही समजत नाही. पाट्या तुमी निवडा."

झालं! मला कुणी एवढा मान दिला की माझी छाती फुगते आणि अक्कल तेवढीच आक्रसते.

आम्ही अमरावतीला गेलो. दुकानदारानं एक पाटी उचलली, दारातल्या उन्हात धरली आणि तिच्या वायरी एका इवल्याशा पंख्याला लावल्या. पंखा गरगर फिरायला लागला!

खरं सांगू? मी जागच्या जागी थिजलो. बत्तीस वर्षं मी फळ्यावर सूर्य काढला, त्याला किरण काढले, 'सौरऊर्जा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पण उन्हाची वीज होताना डोळ्यांनी पाहिली ती त्या दिवशी. ना धूर, ना आवाज. अंगावर काटा आला हो!

सलीमभाईंनी छताचं माप दोरीला गाठी मारून आणलं होतं. दुकानाच्या फरशीवर आम्ही त्या दोरीचा चौकोन केला आणि आत पाट्या मांडून पाहिल्या. निळ्या स्वस्त, पण ऐसपैस, दोनच मावायच्या. काळ्या महाग, पण थोड्या जागेत जास्त वीज देणाऱ्या. त्या तीन बसल्या.

"सर, काळ्या घ्याल तर दोन पुरे होतात," दुकानदार म्हणाला.

"तीन! मले विज्ञान नका शिकवू!"

पाट्या आल्या, छतावर बसल्या. नवा रंग उन्हानं उडू नये म्हणून गाडी अंगणातल्या डेरेदार कडुनिंबाखाली लावली. उन्हाळ्यात गाडी कुठं लावायची हे काय वऱ्हाडी माणसाला शिकवायचं? आपण सायकलसुद्धा सावली बघून टेकवतो.

संध्याकाळी बघतो तर बॅटरी रिकामी! दुसऱ्या दिवशी पाट्या साबणानं धुतल्या. बॅटरी रिकामीच. तिसऱ्या दिवशी सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या. मीटरचा काटा जरासा थरथरायचा आणि पुन्हा झोपायचा.

मी भडकलो. दुकानदाराला फोन लावला. "नकली माल देल्ला तुमी!"

"सर, पाट्यांवर ऊन येते ना?"

"अकोल्याच्या माणसाले विचारून राहिले का, ऊन येते का म्हणून? शेचाळीस डिग्री हाय इथं! पाखरं पडून राहिली झाडावरून!"

"बराबर हाय मास्तर," बाजेवर बसून दुपट्ट्यानं वारा घेत सलीमभाई म्हणाले. दोघंही निंबाखालीच होतो. बाहेर उन्हात पाय ठेवायची कुणाची हिंमत?

भाभींची पिशवी तीन दिवसांपासून भरून तयार होती. फोन त्यांनी ऐकला आणि आत जाऊन एकेक कपडा परत कपाटात ठेवायला लागल्या.

"जाऊ द्या मास्तर. नशिबात नसन अम्मीची भेट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सलीमभाई तर तोंड फिरवून बसले.

थोड्या वेळानं भाभी ओल्या कुरड्यांची परात घेऊन बाहेर आल्या. दम लागला होता. वर पाट्यांकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, ते काच मस्त गुळगुळीत हाय. रिकामीच पडली तर त्याच्यावर कुरड्या टाकू का?"

आधीच डोकं तापलेलं. मी ओरडलोच, "भाभी, काहीतरीच काय बोलून राहिल्या? निंबाच्या सावलीत कुरड्या वाळतीन का? त्याले ऊन पायजे, ऊन!"

बोललो, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

मी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाईंनी माझ्याकडे. मग दोघांनी हळूच मान वर करून निंबाकडे पाहिलं.

"या अल्ला!" सलीमभाई म्हणाले.

त्यांनी जीप जोडली, गाडी भर उन्हात ओढली. मीटरचा काटा असा उसळला की मी दोन पावलं मागे सरलो. दोन-तीन तासांनी भाभींनी मशीन लावून पाहिलं. फुस्स करून पांढरी वाफ निघाली. ज्या उन्हानं आमची पिकं जाळली, तेच ऊन या बाईच्या छातीत श्वास भरत होतं! सलीमभाई तर सरळ रडले.

हिवरखेडला मीही गेलो. गाडी अम्मीच्या घरापुढच्या रखरखीत मैदानात उभी केली. सगळं गाव भोवती जमलं. भाभींनी मशीन लावलं तशी अम्मी काठी टेकत पायरी चढली. लेकीच्या पाठीवर हात फिरवत ती किती तरी वेळ नुसती वाफेकडे बघत राहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बेटा, तुया हाताले बरकत येवो. राबिया सांगे, तू मास्तर होता म्हणून. शाळेत काय शिकवे?"

सलीमभाई मिशीत हसत होते. वाफेआडून भाभींचे खांदे हलत होते.

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चित्रकला."