वालाच्या वेलीवरचा राखलेला शेंडा

स्नेहीजन हो, आज सकाळचा प्रसंग. आमलीतील आमच्या गच्चीवर माझ्या दिवंगत पत्नीने लावलेली वालाची वेल आहे. तिच्यावर रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा काळा मावा पसरला आहे.

शेजारचे पाटीलभाऊ फवारणीचा पंप घेऊनच वर आले. "सर, दवा मारून टाका. किड्यांची पंगत बसलीय आणि तुम्ही काय वाढपी? वहिनींची वेल आहे ही."

मी नकार दिला. मावा खाणारे ढालकिडे पानांवर नुकतेच दिसू लागले आहेत. मावा वाढला की तेही वाढतात. मावा संपत आला की उपासमारीने घटतात, आणि मावा पुन्हा फोफावतो. औषधाने दोघेही मरतात, परंतु मावा आधी परततो.

म्हणूनच पत्नी वेल पाण्याने धूत असे, मात्र मावा असलेला एक शेंडा मुद्दाम न धुता राखत असे. "ढालकिड्यांना खायला उरले नाही, तर ते थांबतील कशाला?" असे ती म्हणे.

"आणि वेल गेली तर?" पाटीलभाऊंनी हळूच विचारले.

"तिने राखलेले बी आहे. पुन्हा लावीन."

पंप परत गेला. मी वेल धुतली, एक शेंडा राखला. ढालकिडे पुरेसे वाढेपर्यंत किती दिवस धीर धरावा, हे मात्र तिला विचारायचे राहून गेले. आपल्यापैकी कोणास ठाऊक आहे काय?