काचेमागची काठी

वामनभाऊ गेल्याचं मला आमच्या पतसंस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. हिरव्या चौकटीत त्यांचा फोटो, खाली शब्द... 'हरित ठेव योजनेचे जनक'. मला दुःख झालं त्याहून संताप जास्त आला. ज्या योजनेपायी या माणसाला घरी बसवलं, तिचंच पितृत्व मेल्यावर त्यांच्या गळ्यात मारलं! पाच-सहा आठवडे झाले, राग उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मी माणिकपूरच्या शाळेत वाणिज्य शिकवायचे. निवृत्तीनंतर पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आले, तेव्हा वामनभाऊ तिथे जुने होते. खाडीकाठी भातशेती करणारं घर, शिक्षण सातवीपर्यंत. बांधकामासाठी कुणी कर्ज मागितलं की हा माणूस पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या उधाणाला, भर भरतीत, बांबूची काठी घेऊन त्या जागेच्या आसपास फिरून यायचा. काठीवर कोयत्याने पाडलेल्या तीन खाचा होत्या, घोट्याची, गुडघ्याची आणि कमरेची. पाणी पहिल्या खाचेवर गेलं की कर्ज नाही, मग अर्जदार कुणाचा का मेहुणा असेना. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. "पुस्तकातलं तुमी बघा, बाई," ते म्हणाले, "पानी मी बघतो." ठेवीदाराच्या पैशाने शेजाऱ्याचं घर बुडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे जिकडेतिकडे जबाबदार गुंतवणुकीचं वारं सुटलं, तशी आमच्या अध्यक्षांनीही 'हरित ठेव' काढली. पर्यावरण राखणाऱ्या कामांनाच कर्ज, अशी हमी. माहितीपत्रक मी लिहिलं, वर वामनभाऊंच्या काठीचा फोटो छापून. तुळिंजच्या नोकरदार बायकांनी, वसईच्या निवृत्तांनी ते वाचून विश्वासाने ठेवी ठेवल्या. आणि पहिलं मोठं कर्ज कुणाला? मिठागरालगत भराव टाकून इमारती उठवणाऱ्या बिल्डरला! गच्चीवर सोलर आणि दारात चार झाडं, म्हणून तो हरित. पाहणीच्या अहवालात लिहिलं होतं, 'जागा व परिसर पूर्ण कोरडा'. वामनभाऊंनी तारीख वाचली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "अष्टमीला गेले हे! भांगाची भरती, सगल्यांत ल्हान. त्या दिशी खाडी अंथरुनातनं उठत पन नाय. उधानाला जा, मंग सांगा."

पण सल्लागाराचं चकचकीत प्रमाणपत्र जोडलेलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, लपवू कशाला? वामनभाऊंनी केली नाही. पुढच्याच महिन्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव' त्यांना मंडळावरून उतरवलं. प्रकृती चांगली ठणठणीत होती हो! मी भेटायला गेले तर रागावलेसुद्धा नाहीत. "उधानाला एकदा जाऊन तरी या, बाई," एवढंच बोलले. मी गेले नाही... लाज वाटत होती.

शोकसभा संस्थेच्याच कार्यालयात झाली. अध्यक्ष त्यांच्या दूरदृष्टीवर बोलले. घरच्यांकडून मागून आणलेली काठी काचेच्या पेटीत घालून, वर दिवा सोडून भिंतीवर टांगली होती. सभा संपली, चहा आला आणि चहाबरोबर त्याच बिल्डरच्या दुसऱ्या टप्प्याची फाइल आली, सहीसाठी. निर्लज्जपणाला काही सीमा? मी शिपायाला पेटी उघडायला लावली, काठी काढली, फाइल काखेत मारली आणि निघाले.

पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास तिथे पोहोचले. भरावावर सगळं कोरडं होतं. अडलेलं पाणी बाजूच्या जुन्या पाड्यात शिरलं होतं. एका घरात गॅसची शेगडी खाटेवर चढवलेली. मी अंगणात काठी रोवली. पाणी दुसऱ्या खाचेला लागलं. त्या घरातली म्हातारी उंबऱ्यावरून बघत होती. "भाऊची काठी ना ती?" ती म्हणाली. "आता आलात व्हय, बाय?" तिथेच उभ्या उभ्या फाइलवर लिहिलं, 'पाणी दुसऱ्या खाचेवर. कर्जास माझा विरोध', आणि खाली सही केली. ही सही आधीच करायला हवी होती.

काठी आता माझ्या दारामागे उभी असते, टोकाला चिखल वाळलाय. अध्यक्षांचे फोन येतात, "मॅडम, पेटी रिकामी दिसते, पाहुणे विचारतात, काठी कधी आणताय?" मी त्यांना सांगितलंय, अमावास्येला बारा वाजता त्या म्हातारीच्या अंगणात या. काठी तिथे असेल.