गाजर तिचं, बन माझा

मला शाळा मानवली नाही. अक्षरं दिसली की डोळे मिटायचे, खाणं दिसलं की उघडायचे. आमचा कुत्रा माझ्यावरच गेलाय, असं बायको म्हणते.

बसवनगुडीत खाली आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. बायको कुत्र्याला रोज गाजर, काकडी द्यायची. सफरचंद असलं तर बिया काढून. द्राक्षं मात्र जवळ येऊ द्यायची नाही, कुत्र्याला बाधतात म्हणून. मी हसायचो. "अगं, कुत्रा पाळलायस की ससा?"

"ससाच बरा. तुम्हाला पाळून बघितलं ना!"

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्याकडं महादेवपुऱ्याला गेली. जाताना गाजर कसं बारीक चिरायचं ते दाखवून गेली, घशात अडकू नये म्हणून. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सोलायचं, चिरायचं, करणार कोण? कोपऱ्यावरच्या बेकरीत लोण्याचा बन मिळतो. अर्धा मला, अर्धा त्याला. मला साखरेचा आजार, म्हणून माझा अर्धा लहान घ्यायचो, आणि मग आणखी एक बन मागवायचो. ती फोनवर विचारायची, "गाजर खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं की. अजून मागतोय."

मागत होताच. काय मागतोय, ते मी सांगत नव्हतो.

तो गोल झाला. मला वाटलं, बाळसं धरलंय. गिऱ्हाइकं म्हणायची, "अण्णा, दोघं भाऊ-भाऊ दिसता." मी खूश. एका सकाळी त्यानं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवले आणि तसाच उभा राहिला. मागचे उचलेनात. माझ्याकडे बघत होता, जसा काही मी उपाय करणार.

जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हातारं कुत्रं, सांधे आधीच दुखत असणार, त्यात हे वजन. खायला काय घालता?" तिथंही माझ्या तोंडात गाजरच आलं होतं. पण तो टेबलावर कण्हला आणि मी खरं बोललो. त्यांनी हात जोडले. "बन बेडा, अण्णा. नकोच आता." वजन उतरेल म्हणाल्या. जिना चढेल, असं काही म्हणाल्या नाहीत.

बायको परत आली तेव्हा तो दाराशी धावला नाही, पडल्या पडल्या शेपूट आपटत राहिला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. खाली बसून तिनं गाजर चिरलं आणि माझ्यापुढं केलं. "धरा. आता तुमच्या हातानं."

त्यानं हुंगून तोंड फिरवलं. माझ्या हाताकडून त्याला गाजराची अपेक्षाच नव्हती.

हळूहळू खायला लागला. वजनही उतरलंय. जिना काही जमत नाही. उचलून न्यायला गेलो तर माझीच कंबर धरली, दोघंही पायरीवर बसून राहिलो. मग माझी गादी खाली आणली, पातेल्यांच्या मागं.

वरून बायको हाक मारते, "अहो, जेवायला तरी वर या!"

पण मी जिन्याकडं वळलो की तो उठायची धडपड करतो. म्हणून ताट खालीच मागवतो.