यंत्रात स्मारांदाचं काय?

स्मारांदा हृस्कुला गटप्रमुख व्हायची मुळीच हौस नव्हती. पहिल्या वर्षी 'कोण होतंय?' असं विचारल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या, हिची तेवढी वर राहिली. याश शहरातल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पोचली तरी ते लोढणं गळ्यात होतंच.

यंदाचा सक्तीचा ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे आंबट चेरीच्या बिया काढणारं यंत्र. गटात तिच्याबरोबर तिबेरियु आणि व्होइकु. दोघे हुशार, पण दोघांतून विस्तव जात नसे. कशावरून बिनसलं होतं ते त्यांनाही आठवत नसावं. तिबेरियुने सांगाडा करायचा, व्होइकुने मोटर बसवायची आणि मध्ये स्मारांदाच्या फेऱ्या.

"त्या गाढवाला सांग, शाफ्ट बारीक हवा."

ती जाऊन सांगायची, गाढव वगळून.

"त्या शहाण्याला म्हणावं, आधी मोजायला शीक."

तेही सांगायची, शहाणा वगळून. दोघांना एका टेबलाशी बसवायचं तर आईने पाठवलेली प्लचिंता, म्हणजे कोबीचं सारण भरलेली पोळी, मध्ये ठेवावी लागे. तोंड भरलेलं असलं की भांडण बंद. संध्याकाळी हॉस्टेलवर परतताना मात्र आपण दिवसभर नक्की काय केलं, हे तिला उमगायचं नाही.

सादरीकरणाला यंत्र चाललं. प्रोजेक्ट तपासणाऱ्या कालिस्त्रु मॅडम म्हणाल्या, "आता आपापला भाग दाखवा. ज्याचा काहीच भाग नाही, तो नापास."

नापास म्हणजे हॉस्टेलची खोली गेली, आणि खोली गेली की शिक्षणही संपलं. तिबेरियुने सांगाडा दाखवला, व्होइकुने मोटर. स्मारांदा यंत्राभोवती फिरून आली. त्यातला एक स्क्रूसुद्धा तिचा नव्हता.

"मला खरंच ठाऊक नाही, मॅडम."

"आणि म्हणे गटप्रमुख!"

दोघांना दहापैकी नऊ मिळाले, हिला चार. पास व्हायला पाच लागत. तिला रडू येत होतं, पण मॅडम चुकल्या असंही म्हणवेना.

"तो शाफ्ट थरथरतोय, तेवढं बघा," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

"स्मारांदा, त्याला सांग, मोटर जरा खाली घे," तिबेरियु म्हणाला. व्होइकु त्याला खेटून उभा होता.

"व्होइकु, मोटर जरा खाली घेशील का?"

"त्याला म्हणावं, मग भोकं तूच पाड."

"तिबेरियु, भोकं तू पाडतोस ना?"

मॅडम दारातून मागे फिरल्या. "हे रोज असंच चालतं?"

आता आणखी काय चुकलं, स्मारांदाला कळेना. "नाही मॅडम," ती घाईघाईने म्हणाली, "रविवारी दोघे घरी जातात."

मॅडमनी चार खोडून आठ लिहिले. मग जरा थांबून त्या दोघांचे नऊही खोडले.